दारापर्यंत डांबरी रस्ता : ठेकेदार निवडताना

मंडळी, मोठ्या सडकेवरून आपल्या घरापर्यंत, गोठ्यापर्यंत किंवा शाळेच्या फाटकापर्यंत जाणारा जो लहानसा तुकडा असतो, त्याच्याविषयी आज बोलायचे आहे. पन्नास-शंभर मीटरचा हा तुकडा. सडक झाली, पण सडकेपासून दारापर्यंतची वाट तशीच राहिली, असे किती तरी गावांत दिसते. उन्हाळ्यात तिथे घोट्याएवढी धूळ आणि आषाढात घोट्याएवढा चिखल. दुधाची गाडी दाराशी यायला तयार नसते, म्हणून पहाटेच्या अंधारात कॅन खांद्यावरून सडकेला न्यावे लागतात. मुले चपला हातात घेऊन शाळेत येतात आणि गुरुजींचा पहिला तास पाय धुण्यात जातो.

मग कधी तरी घरात उसाचे बिल येते, किंवा शाळेचे माजी विद्यार्थी वर्गणी जमवतात, आणि ठरते की यंदा डांबर करूनच टाकायचे. इथपर्यंत सगळे ठीक असते. काम कोणाला द्यायचे, हा प्रश्न मात्र आपण फार लवकर सोडवतो. कोणी तरी कोणाचा मेहुणा ठेके घेतो, त्याला बोलावणे जाते, तो चहा पितो, पावलांनी अंतर मोजतो आणि एक आकडा सांगतो. आपण त्यातले पाच-दहा हजार कमी करून घेतो आणि सौदा छान झाला असे समजतो.

आता बघा, म्हैस घ्यायची झाली तर आपण काय करतो? दात पाहतो, कास पाहतो, दोन वेळची धार स्वतः काढून पाहतो, शेजाऱ्याला बरोबर नेतो. त्याहून कितीतरी जास्त पैसे रस्त्यात घालताना मात्र आपण फक्त रंग पाहतो. काळा कुळकुळीत दिसला म्हणजे झाले!

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आमच्या घरच्या वाटेवर हाच प्रकार झाला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, "पावसाच्या आत उरकून टाकू" असे म्हणत एका दिवसात काम झाले. संध्याकाळी सगळी आळी पाहायला आली होती. श्रावणात त्याच डांबरातून हरळीची पाती वर आली. पोळ्यापर्यंत दोन्ही कडा भाकरीसारख्या मोडल्या आणि मधे ट्रॅक्टरच्या चाकाच्या दोन चऱ्या पडल्या. उकरून पाहिले तेव्हा कळले की खाली खडी नव्हतीच. काळ्या मातीवर मुरमाचा हात फिरवला होता आणि त्यावर बोटाच्या पेराएवढे डांबर. ठेकेदाराने फसवले, हे खरे. पण खाली काय घालणार हे आम्ही त्याला विचारले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

रस्त्याचे वजन डांबर पेलते, असा आपला समज असतो. ते तसे नाही. वजन पेलते ती खालची जमीन. स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) याने खडीच्या रस्त्याची जी रीत घालून दिली, तिच्या मुळाशी हीच गोष्ट होती : जमीन कोरडी ठेवली तर ती भार सोसते, भिजली की सोडून देते. आजही आपल्याकडे पाणी मारून, रोलर फिरवून खडीचा थर बसवतात, ती त्याचीच परंपरा. डांबर हे त्या खडीवरचे छप्पर आहे. छप्पर कितीही चांगले असले आणि पायाच खचला, तर घर कसे उभे राहील?

आणि आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः देशावर, विदर्भात आणि मराठवाड्यात, हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण पायाखाली काळी माती आहे. कपाशीला ती सोन्यासारखी, रस्त्याला मात्र वैरी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचे डांबर या फुगण्या-आकसण्यात टिकणे शक्य नाही. म्हणून काळी माती खोदून काढावी लागते, त्या जागी चांगला मुरूम भरून, पाणी मारून रोलरने दाबावा लागतो, त्यावर खडीचा थर आणि मग डांबर. कोकणात जांभ्याची जमीन पायाला बरी. पण तिथे पाऊसच इतका, की उतार चुकला तर रस्ता ओढ्यासारखा वाहू लागतो.

एवढे लक्षात घेतले की ठेकेदाराची पारख करणे सोपे जाते. तो पहिल्यांदा जागा पाहायला येईल तेव्हा तुम्ही फारसे बोलू नका. तो काय विचारतो ते ऐका. "पावसाचं पाणी कुठून येतं? कुठं तुंबतं? वरच्या शेताचा बांध फुटला तर लोंढा इकडंच येतो का? उसाची ट्रॉली आत आणणार का?" असे जो विचारतो, पायाने माती उकरून पाहतो, सडकेच्या कडेचे गटार कुठे आहे ते बघतो, त्याला काम कळते असे समजा. जो आल्या आल्या दर सांगतो आणि "तुम्ही काळजीच करू नका" म्हणतो, त्याच्या बाबतीत काळजी करायला सुरुवात करावी.

सडकेच्या कडेच्या गटाराचे सांगायचे कारण असे, की पुष्कळ ठिकाणी सडकेला वाट जोडताना हे गटार सरळ बुजवून टाकतात. मग सडकेचे पाणी अडते आणि आपल्याच दारात शिरते. तिथे सिमेंटची नळी टाकून वरून वाट न्यावी लागते. सडक ज्या खात्याची असेल, सार्वजनिक बांधकाम विभाग असो की जिल्हा परिषद, त्यांची परवानगीही त्यासाठी घ्यावी लागते. हे आपणहून सांगणारा ठेकेदार भेटला तर तो चार पैसे महाग असला तरी जवळचा मानावा.

त्यानंतर त्याची जुनी कामे पाहायला जा. नवे काम दाखवायला तो आनंदाने नेईल. ते पाहू नका. नवे सगळेच चांगले दिसते. दोन पावसाळे खाल्लेले काम दाखव म्हणावे. तिथे गेल्यावर रस्त्याच्या मधे पाहण्यापेक्षा कडा पाहाव्यात, कारण रस्ता मोडायला सुरुवात कडेपासून होते. कडेला मुरमाची साइडपट्टी भरून दाबली आहे का, की डांबराची कड उघडीच सोडली आहे? पाणी साचल्याचे गाळाचे डाग कुठे आहेत का? पायाने घासल्यावर खडी सुटून येते का? आणि मग त्या घरमालकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारावा : पैसे चुकते झाल्यावर बोलावलं, तेव्हा हा माणूस आला होता का? बाकी सगळ्या चौकशा या एका उत्तरात येतात.

तीन जणांकडून दरपत्रके घ्यावीत, हा सल्ला तुम्ही ऐकलेला असेल. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे दर दिले तर त्यांची तुलना कशी करणार? एक म्हणतो "दोन इंच डांबर", दुसराही म्हणतो "दोन इंच". पहिल्याच्या मनात आहे रोलर फिरल्यानंतरचे दोन इंच, दुसऱ्याच्या मनात पसरतानाचे सैल दोन इंच. सैल माल दाबला की जाडी पाव हिश्श्याच्या आसपास कमी होते, म्हणजे दुसऱ्याचे दोन इंच प्रत्यक्षात दीडच भरतात. तिसरा तर २० मिलिमीटरचे कार्पेट आणि वर सीलकोट धरून बसलेला असतो. म्हणजे पाऊण इंच. तोच सगळ्यांत स्वस्त दिसणार, हे उघड आहे! म्हणून तुमच्या गरजेचा कागद तुम्हीच तयार करा आणि तिघांना तोच द्या. लांबी किती, रुंदी किती, खोदाई किती, मुरूम आणि खडी दबाईनंतर किती जाडीची, डांबराचा थर दबाईनंतर किती जाडीचा, उतार कोणत्या बाजूला, साइडपट्टी किती रुंद. नुसत्या मोटारसायकली आणि एखादी जीप असेल तर एक गणित, दहा टनांची उसाची ट्रॉली येणार असेल तर दुसरे. हा कागद करताना तालुक्याच्या ठिकाणचा एखादा निवृत्त अभियंता किंवा ओव्हरसियर भेटला तर त्याला जरूर दाखवावा. सार्वजनिक बांधकाम विभागाची छापील दरसूची असते, तिच्यावरून रास्त दराचा अंदाजही तो सांगू शकेल.

इथे शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा सगळा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांना करता येण्याजोगा आहे. शाळेची वाट १०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद धरा. क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. पायाचा थर दबाईनंतर १५ सेंटिमीटर हवा, तर घनफळ ४५ घनमीटर. आपल्याकडे मुरूम-खडी ब्रासने मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. तेव्हा दाबलेला माल झाला १६ ब्रास, आणि सैल माल दाबून बसत असल्याने आणावे लागतील वीस-एकवीस ब्रास. आता डांबराचा थर ५ सेंटिमीटर धरा. ३०० चौरस मीटरवर १५ घनमीटर. दाबलेल्या डांबरी मालाचे वजन घनमीटरला साधारण २.३ टन असते, म्हणजे जवळजवळ साडेचौतीस टन माल यायला पाहिजे. दहा टनांचा टिपर असेल तर साडेतीन खेपा. दोनच खेपा आल्या आणि रस्ता पुरा झाला, तर जाडी कुठे गेली हे मुलेही सांगतील. प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती मागून घ्यावी, एवढी अट आधीच घातली की हा सगळा हिशेब पडताळता येतो. मुलांना हेही सांगावे की या साडेचौतीस टनांत डांबर असते फक्त शेकडा पाच टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. दिसते सगळे काळे, एवढेच.

डांबराबद्दल दोन शब्द. पूर्वी डांबर म्हटले की दगडी कोळशापासून निघणारे. आज रस्त्यावर पडते ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे. २००६ सालापासून आपल्या मानक संस्थेने त्याच्या प्रती दाटपणावरून ठरवल्या आहेत. आपल्या उन्हाळ्याला बहुधा व्हीजी-३० ही प्रत वापरतात. दरपत्रकात नुसते "डांबर" न लिहिता प्रत लिहून घ्यावी. जो ठेकेदार प्रत विचारल्यावर हसतो, त्याला काम द्यायचे की नाही हे तुम्हीच ठरवा.

आता एका पाहुण्यापासून सावध राहायला पाहिजे. गावाजवळ मोठ्या सडकेचे काम चालू असले की दुपारी कोणी तरी दारात येतो आणि हळू आवाजात म्हणतो, "दादा, पलीकडं काम चाललंय. माल उरलाय. निम्म्या पैशात तुमचं अंगण करून देतो, पण आत्ताच सांगा." हा माल पहिली गोष्ट म्हणजे त्याचा नसतो, ज्या सडकेसाठी आणला तिथून तो काढलेला असतो. दुसरे असे की गरम डांबरी माल हा गरमच पसरावा लागतो. व्हीजी-३० चा माल पसरताना १४० अंश सेल्सियसच्या खाली आलेला नसावा, आणि ९० अंशांपर्यंत उतरायच्या आत रोलरचे काम संपलेले असावे. दारोदार गिऱ्हाईक शोधत फिरलेला माल दाबला तरी बसत नाही. वरून गुळगुळीत दिसतो, आत पोकळ राहतो, आणि त्या पोकळीत पाणी शिरते. शिवाय तुमच्या जमिनीचा पाया झालेला नसतोच. "आत्ताच सांगा" या शब्दांना उत्तर एकच : नको.

गावचाच ठेकेदार बरा की तालुक्याचा मोठा? माझे मत गावाजवळच्या माणसाच्या बाजूने आहे. मोठ्या ठेकेदाराला आपले शंभर मीटर म्हणजे उरलेल्या वेळेतले काम; त्याचा पेव्हर आणि रोलर मोकळा होईपर्यंत आपण वाट पाहत बसतो. जवळच्या माणसाला उद्या याच रस्त्याने जायचे असते, बाजारात तोंड दाखवायचे असते. पण त्यात एक खोच आहे. तो ओळखीचा असतो, म्हणून कागद करायला आपल्याला संकोच वाटतो. "आपल्यात कसला कागद?" असे तो म्हणतो आणि आपण गप्प बसतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. खरे तर ओळखीच्या माणसाशी कागद अधिकच नीट करावा, म्हणजे पुढे नाते तरी राहते. पक्के बिल मिळेल का, रोलर स्वतःचा आहे की भाड्याचा, माल कोणत्या प्लँटवरून येणार आणि तो प्लँट किती लांब आहे, हे सगळे त्यात यावे. प्लँट दोन तासांच्या वाटेवर असेल तर माल ताडपत्रीने झाकून आणणार का, हेही विचारावे.

पैशांचे ठरवताना घाई करू नये. थोडी उचल द्यावी लागते, ते समजण्यासारखे आहे. त्यालाही डिझेल भरायचे असते. पण मोठा हप्ता पाया पुरा होऊन तुम्ही तो पाहिल्यावर द्यावा, दुसरा डांबर झाल्यावर, आणि काही भाग पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा. सरकारी कामातही अशी रक्कम राखतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तिच्या रस्त्यांवर ठेकेदाराची पाच वर्षांची जबाबदारी असते. तुमच्या शंभर मीटरला पाच वर्षे कोणी कबूल होणार नाही कदाचित; एक-दोन वर्षे तरी लिहून घ्या.

वाट ग्रामपंचायतीच्या पैशातून होत असेल तर ठेकेदार तुम्ही निवडत नाही, पण तुमचे हात बांधलेले आहेत असे नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका पाहता येते, इतकेच नव्हे तर वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. ग्रामसभेत नुसता आवाज चढवण्यापेक्षा हा अर्ज अधिक काम करतो.

पाया तयार झाला की डांबराच्या आधी एक दिवस थांबायला सांगा. ठेकेदार कुरकुर करील, करू द्या. त्या दिवशी दोन गोष्टी करायच्या. भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर त्या पायावरून अगदी सावकाश चालवायचा आणि चाकाशेजारी खाली बसून पाहायचे. जिथे जमीन चाकाखाली दबून पुन्हा वर येते, तिथे पाया कच्चा आहे. तो भाग उकरून पुन्हा भरायला लावायचा. मग चार-सहा घागरी पाणी ओतायचे. पाणी कडेला पळाले पाहिजे. तीन मीटर रुंद वाट एका बाजूला उतरती ठेवायची तर दोन्ही कडांत साडेसात सेंटिमीटरचा फरक हवा, म्हणजे चाळीसास एक. पायात उतार नसेल तर तो डांबराने आणता येत नाही.

डांबर पडायच्या दिवशी जमीन कोरडी हवी, आभाळ मोकळे हवे. ठेकेदाराजवळ थर्मामीटर आहे का ते पाहा. टिपरमधून निळसर धूर येत असेल तर माल जळालेला आहे. ढेकळे पडत असतील तर गार झालेला आहे. दोन्ही परत पाठवायचे. पहिल्या काही दिवसांत उसाची ट्रॉली किंवा लोखंडी चाकाचे औत आत आणू नये, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात मोटारसायकलच्या स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवावा, नाही तर भोक पडते. डिझेल सांडलेले तर तिथल्या तिथे पुसून काढावे. डिझेल डांबराला विरघळवते. ट्रॅक्टरचा टाकी भरण्याचा उद्योग वाटेवर नकोच.

मग मृग लागला, पहिला जोराचा पाऊस आला, की घोंगडी किंवा छत्री घेऊन पाऊस चालू असतानाच बाहेर पडा. वाटेवर कुठे पाणी थांबते, कुठल्या कडेने मुरूम वाहून चालला आहे, नळीच्या तोंडाशी कचरा अडकला आहे का, हे खडूने किंवा दगड ठेवून खूण करा आणि ठेकेदाराला निरोप पाठवा. राखून ठेवलेले पैसे तोपर्यंत तुमच्याच पेटीत असतील, त्यामुळे तो बहुधा येईल.